दॅनच्या पलीकडं

उद्यमनगरात बेअरिंगच्या दुकानावर,
जिथं जिना चढताना कठड्याचं ग्रीस हाताला लागतं,
तिथं मंगळवार-शुक्रवार साडेसातला
मगदूमबाई इंग्रजी शिकवतात.
आज फळ्यावर : टॉल, टॉलर, टॉलेस्ट.
खाली कुणाच्या तरी लेथवर अजून जॉब फिरतोय,
फळ्यावरचा खडूसुद्धा जरा थरथरतो.

बाई म्हणाल्या, "तुलना करा. कुणाचीही."
अस्लम मुजावरनं आपली बुलेट मालकाच्या बुलेटपुढं लावली,
जुनी, पण आवाजानं मोठी.
सरनाईकांची शर्वरी, नर्स, आयर्लंडचे कागद भरून बसलेली,
म्हणाली, रात्रपाळी दिवसपाळीपेक्षा लांब असते.
तास तर सारखेच ना, बाईंनी विचारलं.
"लांब असते, बाई."
बाईंनी वाक्य बरोबर धरलं.

माझं वाक्य निघेना.
बावीस वर्षं मी गेज लावत आलो.
गो आत गेला पाहिजे, नो-गो अडला पाहिजे.
बास. कोण मोठं, कितीनं, कशाहून,
गेज विचारत नाही.
जॉब पेटीत पडतो, नाहीतर भंगारात.

"इंगवले, भाऊ आहे ना तुम्हाला? त्याच्यावर करा."

आहे. धाकटा. रणधीर.
आण्णा आम्हाला चौकटीला पाठ लावून उभं करायचे
आणि स्क्रायबरनं डोक्यावर रेघ मारायचे.
"तुझ्यापेक्षा दोन सूत वर गेला बघ."
घरात वर्षानुवर्षं हेच एक वाक्य चाललं,
मधला शब्द तेवढा बदलत गेला :
वर, हुशार, पुढं,
लांब.

आपल्यात हे कसं होतं, मी कधी बघितलंच नव्हतं.
ज्याच्याशी तोलायचं तो आधी येतो,
आणि येतानाच वाकतो :
घोडा होतो घोड्या, भाऊ होतो भावा,
मी होतो माझ्या,
मग त्या वाकल्या पाठीवर पेक्षा बसतं.
गुणाला काही होत नाही. उंच ते उंचच.
इंग्रजीत उलटं. माणूस ताठ राहतो,
शेपूट फुटतं गुणाला.
आणि ज्याच्याशी तोललं तो बिचारा
सगळ्यात शेवटी, दॅनच्या पलीकडं,
पंचगंगेच्या पल्याड उभा राहिल्यागत.
हाक पोचते, तोंड दिसत नाही.

मग बाईंनी गुड काढला. गुड, बेटर, बेस्ट.
मी म्हटलं, बाई, बेटरमध्ये गुडचं एक अक्षर शिल्लक नाही.
"काही शब्द तसेच असतात. पाठ करायचे."

पाठच आहे की.
रणधीर आधी चाकणला गेला, मग जर्मनीत.
पूर्वी फोन उचलला की 'काय लेका' म्हणायचा.
आता 'हॅलो दादा' म्हणतो
आणि जरासा थांबतो. शब्द शोधतो.
मीपण शोधतो.
मग दोघं मिळून तिथल्या थंडीवर बोलतो.

शेवटी वहीत लिहिलं :
माय ब्रदर इज टॉलर दॅन
आणि पेन अडला.
"पुढं काय लिहू, बाई? आय?"
"व्याकरणाच्या पुस्तकात आय. बोलताना मी चालतं."
"मी?"
"हो. दॅन मी."

बाईंना ठाऊक असणार, हा मी तो मी नव्हे,
साहेबाच्या भाषेत हाच वाकलेला.
पण माझ्या कानाला तो सरळ लागला,
आण्णांच्या चौकटीत कधी नव्हता इतका सरळ.
म्हटलं, मग मीच राहू दे.
बाईंनी खाली लाल टिक केली.

जिना उतरताना शर्वरीनं विचारलं,
"दादा, शुक्रवारी काय आहे?"
ॲज टॉल ॲज, मी म्हटलं. सारखं असल्याचं.
"अवघड असतं?"
सोपं आहे म्हणत्यात.
कठड्याचं ग्रीस परत हाताला लागलं,
वहीच्या मागच्या पानाला पुसलं.